कसेल त्याची जमीन

माझा डावा डोळा अगदी निरोगी आहे. हे मी वेगवेगळ्या डॉक्टरांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता तपासणीच्या खुर्चीत बसल्या बसल्या मीच ते आधी सांगून टाकते. भिंग स्वच्छ, पडदा उत्तम, नस ठणठणीत. फक्त त्या डोळ्याने मला धड दिसत नाही.

हे उघडकीला आलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याआधी शाळेत एकदा तपासणी झाली होती, पण तिच्यातून मी सुटले. रांगेत माझ्यापुढे वीसेक मुलं होती आणि प्रत्येक जण तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. माझी पाळी येईपर्यंत शेवटची ओळ पाठ झाली होती. उजवा डोळा झाक म्हणाले, झाकला, आणि घडाघडा म्हणून दाखवलं. फसवायचं वगैरे डोक्यात नव्हतं. डावा हात जसा उजव्यापेक्षा जरा कच्चा असतो तसा डावा डोळाही कच्चाच असणार, अशी माझी पक्की समजूत होती. सगळ्यांचंच असं असेल, त्यात सांगण्यासारखं काय!

उजवा डोळा झाकल्यावर नेमकं काय दिसतं, हे लोकांना समजावून सांगणं अवघड जातं. 'म्हणजे अंधुक?' असं विचारतात. अंधुक नाही. कागदावर एकच मोठं अक्षर काढलं तर मी ते बिनचूक ओळखते. पण त्याच्या शेजारी दुसरं अक्षर आलं, तिसरं आलं, की गर्दी सुरू होते. अक्षरं एकमेकांना ढोसतात, काना कुणाचा आणि वेलांटी कुणाची हे कळेनासं होतं, आणि ओळीच्या मधोमध नुसता गलका उरतो. दिसतंय सगळं, वाचता काहीच येत नाही. सुईत दोरा ओवायला बसले की दोरा सुईच्या मागे आहे की पुढे, हे हाताला लागल्यावरच समजतं.

याला बोलीत 'आळशी डोळा' म्हणतात. नाव अन्यायाचं आहे. डोळा बिचारा त्याचं काम चोख करतो. प्रकाश आत घेतो, चित्र पडद्यावर उमटवतो, नसेतून पुढे धाडतो. पुढे ते उतरवून घ्यायला कुणी नसतं. लहानपणी माझ्या दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक होता. उजव्याचं चित्र रेखीव, डाव्याचं कायम पुसट. मेंदूने पुसट चित्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे त्याची सवयच लावून घेतली.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, हिचंही तुझ्यासारखंच निघालं गं." माझी भाची तेव्हा साडेचार वर्षांची. दिसायला दोन्ही डोळे सरळ, तिरळेपणा नाही, कसली तक्रार नाही. पुढचा प्रश्न बहिणीने आवाज खाली आणून विचारला. "उशीर तर नाही ना झाला?"

त्या प्रश्नापायी मी वर्षभर मेंदूबद्दल मिळेल ते वाचत सुटले. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. एका डोळ्याचा हिशेब चुकता करायचा होता, एवढंच.

या वाचनात पहिल्यांदा भेटले ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल. १९५८ साली हे दोघं मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागातल्या, म्हणजे दृष्टीच्या कॉर्टेक्समधल्या (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूची बाहेरची साल) एकेका पेशीजवळ अतिसूक्ष्म तार ठेवून तिचं बोलणं ऐकत होते. काचेच्या पट्टीवरचे काळे ठिपके मांजराला दाखवत होते. पेशी ढिम्म. एकदा पट्टी यंत्रात सरकवताना पेशी अचानक मशीनगनसारखी कडाडली. ठिपक्याचा त्यात काही संबंध नव्हता, पट्टीच्या कडेची तिरकी सावली पडद्यावरून सरकली होती. त्या पेशीला ठराविक कोनात सरकणारी एक रेघ हवी होती, बाकी कशात तिला रस नव्हता. अशा रेघांच्या भाषेत मेंदू पाहायला सुरुवात करतो, हे तिथून कळत गेलं आणि पुढे १९८१ सालच्या नोबेलपर्यंत पोचलं.

माझ्या कामाची गोष्ट मात्र १९६३ सालची आहे. त्यांनी मांजराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांची एक पापणी शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा ठीक होता. मग त्यांनी कॉर्टेक्समधल्या ८४ पेशी एकेक करून तपासल्या. त्यांतल्या ८३ पेशींना त्या डोळ्याचा पत्ताच नव्हता. सगळ्या दुसऱ्या डोळ्याच्या झाल्या होत्या. हाच प्रयोग मोठ्या मांजरावर केला तर काही म्हणजे काही होत नाही. महिनोन् महिने डोळा बंद ठेवा, उघडला की पेशी ओळख देतात.

हे वाचताना मला त्या पिल्लांचं वाईट वाटलं, आणि लगेच हेही जाणवलं की माझ्या भाचीच्या डोळ्यावर आज जी पट्टी आहे तिच्यामागे तीच पिल्लं आहेत. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. दोन्ही मनात ठेवून पुढे वाचलं.

पुढे जे आलं त्याने मी उडालेच. एक डोळा बंद ठेवल्यावर इतकं नुकसान, तर दोन्ही डोळे बंद ठेवल्यावर दुप्पट व्हायला हवं. तसं होत नाही. दोन्ही पापण्या शिवलेल्या पिल्लांमध्ये दोन्ही डोळ्यांना जाब देणाऱ्या पेशी पुष्कळ सापडल्या. म्हणजे नुसत्या अंधाराने डोळ्याचा घात होत नाही. शेजारचा डोळा चालू असतो आणि तो पसरत जातो, त्याने होतो. माकडांच्या कॉर्टेक्समध्ये हे डोळ्यांनी पाहता येतं. तिथे डाव्या आणि उजव्या डोळ्याचे पट्टे एकाआड एक असतात, झेब्र्याच्या अंगावर असतात तसे. एक डोळा लहानपणी बंद राहिला तर त्याचे पट्टे दोऱ्यासारखे बारीक होतात आणि उघड्या डोळ्याचे रुंदावतात. बांध सरकलेला असतो.

कसेल त्याची जमीन. आपल्याकडची ही घोषणा मला तिथे पानाच्या कडेला लिहावीशी वाटली, आणि मी ती लिहिलीही. माझ्या डाव्या डोळ्याच्या वाटची जमीन उजव्याने कसली आणि कसता कसता आपलीशी केली.

डॉक्टरांची घाईही मग समजते. एखादं बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्मलं आणि तो एकाच डोळ्यात असला, तर पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हावी अशी धडपड असते. साठीतला मोतीबिंदू वर्षभर थांबवला तरी चालतो, काढला की दिसतं. बाळाचा थांबवला तर नंतर डोळा आरशासारखा स्वच्छ करूनही उपयोग होत नाही, कारण तोवर मागची वाटणी उरकलेली असते.

पण घोषणा कितीही आवडली तरी तिच्यात एक खोच राहतेच. कसणारा येण्याआधी जमीन होती ना? ती कुणी आखली? दृष्टीची जागा डोक्याच्या मागेच का, कपाळामागे का नाही?

१९०९ साली कोर्बिनियन ब्रोडमन या जर्मन डॉक्टराने माणसाच्या कॉर्टेक्सचा नकाशा छापला. मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, पेशींची ठेवण कुठे बदलते ते पाहायचं आणि तिथे हद्द आखायची. त्याचे क्रमांक ५२ पर्यंत जातात. दृष्टीचा भाग १७, हालचालीचा ४, ऐकण्याचा ४१. आजही डॉक्टर हे आकडे पत्त्यासारखे वापरतात. हा नकाशा बघून कुणालाही वाटेल की मेंदू म्हणजे आधीपासून खोल्या पाडलेली इमारत आहे.

इमारत उभी कशी राहते ते पाहिलं की गोष्ट बदलते. गर्भात मेंदूची सुरुवात एका नळीने होते. नळीच्या आतल्या भिंतीशी पेशी जन्मतात आणि बाहेरच्या दिशेने निघतात. त्यांना वाट दाखवायला आतून बाहेरपर्यंत ताणलेल्या लांबट पेशी असतात. नवा न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली निरोप नेणारी पेशी, त्यांना धरून, खांबावर सरसर चढावं तसा वर जातो. आधी आलेले खालच्या थरात बसतात, मागून आलेले त्यांना ओलांडून वरच्या थरात. असे सहा थर. माणसाच्या कॉर्टेक्समधले साधारण १६०० कोटी न्यूरॉन जवळजवळ सगळे जन्माआधीच असे चढून आपापल्या जागी बसतात. ही चढण बारकाईने दाखवून देणाऱ्या पास्को राकिच यांनी १९८८ साली मत मांडलं की आतल्या भिंतीवरच नकाशाचा कच्चा आराखडा असतो. जिथून पेशी निघाली, तिथलीच ती. लगेच पुढच्या वर्षी डेनिस ओलिअरी यांनी उलट बाजू घेतली. कॉर्टेक्स सुरुवातीला सगळीकडे जवळपास सारखाच असतो आणि बाहेरून येणारे तंतू त्याला ओळख देतात, असं त्यांचं म्हणणं.

विज्ञानातलं भांडण मला नेहमीच चवीने वाचायला आवडतं, आणि हे तर फारच नेटकं भांडण होतं. एक म्हणतो छापील पुस्तक, दुसरा म्हणतो कोरी पाटी. पुरावे मात्र दोघांनाही मिळत गेले.

उंदराच्या मिशांचं उदाहरण घ्या. उंदराला जग कळतं ते मिशांनी. तोंडाच्या प्रत्येक बाजूला मोठ्या मिशांच्या पाच ओळी असतात, आणि १९७० साली टॉमस वूल्सी आणि हेन्ड्रिक व्हान डर लूस यांनी दाखवलं की मेंदूच्या स्पर्शाच्या भागात पेशींची पिंपासारखी छोटी वर्तुळं असतात, तीही नेमक्या त्याच पाच ओळींत. एका मिशीला एक पिंप. थोबाडाचा नकाशाच आत काढून ठेवलेला. हा नकाशा आत आधीपासून छापलेला असतो म्हणावं, तर जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिशांची एक ओळ मुळातून काढली की आतली ती ओळ उमटतच नाही, शेजारच्या ओळी फुगून जागा भरून काढतात. बरं, मिशाच आत नकाशा काढतात म्हणावं, तर २००१ साली एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेतून दुसरंच काही बाहेर आलं. गर्भावस्थेत मेंदूच्या पुढच्या टोकाकडून एफजीएफ-८ नावाचं प्रथिन झिरपत असतं. पुढे दाट, मागे विरळ. फुलाच्या वासावरून फूल किती दूर आहे ते कळावं, तसं त्या दाटपणावरून पेशींना आपण पुढे आहोत की मागे हे कळतं. या लोकांनी उंदराच्या गर्भात मागच्या टोकालाही त्याच प्रथिनाचा दुसरा झरा ठेवला. जन्मलेल्या पिल्लांपैकी काहींच्या मेंदूत पिंपांचा आणखी एक नकाशा निघाला, पहिल्याचं आरशातलं प्रतिबिंब असावं तसा. मिशा तेवढ्याच, नकाशे दोन.

म्हणजे 'पुढे-मागे, इकडे-तिकडे' एवढं जनुकं ठरवतात. कोणत्या भागाकडे कोणती वाट यावी, याच्या खुणा करून ठेवतात. त्या खुणांवर पीक काय उगवेल, हे वाटेने कोण येतं त्यावर बरंचसं ठरतं. किती ठरतं, हे मृगांक सूर यांच्या फेरेट प्राण्यांनी दाखवलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी प्रयोग हाच. फेरेट हा मुंगसासारखा लांबुडका प्राणी, जन्मतो तेव्हा फारच अपुरा असतो. सूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात पिल्लांमध्ये डोळ्याकडून येणारे तंतू ऐकण्याच्या वाटेला लावून दिले. पिल्लं मोठी झाल्यावर पाहिलं तर ऐकण्याच्या कॉर्टेक्समधल्या पेशी रेघांना जाब देत होत्या. ठराविक कोनाच्या रेघा, मांजरात सापडल्या तशा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी प्राण्यालाच विचारलं. उजेड दिसला तर एका बाजूला जा, आवाज आला तर दुसऱ्या बाजूला, असं आधी शिकवलं. मग उजेड अशा जागी दाखवला की तो फक्त त्या वळवलेल्या वाटेनेच आत जाईल. प्राणी उजेडाच्या बाजूला गेला. ऐकण्यासाठी राखून ठेवलेला मेंदूचा तुकडा पाहत होता.

पाहत होता, पण जातिवंत दृष्टीच्या भागाइतकं नीट नाही. त्याची बारकाव्याची नजर कमी होती, आतली मांडणी जरा विस्कटलेली. ही तळटीप लोक गाळतात आणि 'मेंदू काहीही करू शकतो' असं ठोकून देतात. काळ्या मातीत ऊस येतो आणि मुरमाड जमिनीतही पाणी घालून आणता येतो, पण तो सारखा येत नाही.

आता जरा मागे, गर्भात जाऊ. माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं असं होतं की बाळ जन्मल्यावर, डोळे उघडल्यावर, उजेड आत गेल्यावर सगळं सुरू होतं. १९९१ साली कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या अजून न उघडलेल्या डोळ्यांच्या पडद्यावर एक गोष्ट टिपली. घुप्प अंधारात, कसलंही दृश्य नसताना, पडद्यावरच्या पेशी आपल्या आपण पेटतात. एक पेटली की शेजारची, मग तिच्या पलीकडची, अशी लाट पडद्यावरून सरकते, विझते, थोड्या वेळाने दुसरीकडून दुसरी निघते. डाव्या डोळ्यात लाट येते तेव्हा उजव्यात सहसा नसते. मेंदूला एवढा इशारा पुरतो. जे एकत्र पेटतात ते एका घरचे, जे वेगवेगळ्या वेळी पेटतात ते दुसऱ्या घरचे, अशी दोन डोळ्यांच्या धाग्यांची पहिली निवडणी त्या लाटांवर होते. २०२१ साली उंदरांमध्ये याहून नवलाचं दिसलं. डोळे उघडायच्या थोडं आधी या लाटा एका ठराविक दिशेने वाहायला लागतात, आणि ती दिशा म्हणजे पुढे चालताना आजूबाजूचं जग ज्या दिशेने मागे सरकतं ती. पाय अजून धड टाकता येत नाही, डोळे मिटलेले आहेत, आणि मेंदूची चालण्याची रंगीत तालीम सुरू आहे.

भाची महिन्याची होती तेव्हा तासन् तास माझ्या मांडीवर झोपायची. झोपेत तिची बोटं झटका दिल्यासारखी हलायची. आधी करंगळी, मग थोडं थांबून अंगठा, मग उगाच एक टाच. मी बहिणीला म्हणायचे, स्वप्न पडतंय तिला. मार्क ब्लमबर्ग नावाचे एक संशोधक उंदरांच्या झोपलेल्या पिल्लांमधले हेच झटके अनेक वर्षं मोजत आलेत. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक झटका हा मेंदूने शरीराला विचारलेला प्रश्न आहे. जागेपणी दहा स्नायू एकदम हलतात, कुणाचं उत्तर कुठून आलं ते कळत नाही. झोपेत आजूबाजूला शांत असतं. एक बोट हलतं आणि त्याची खबर मेंदूत एकटीच पोचते. हे माझं बोट, ते इथे असतं, अशी नोंद होते. मी 'स्वप्न' म्हणत होते तेव्हा ती कदाचित हजेरी घेत होती.

आणि मग येतं ते गमावणं. हे मला पचवायला सगळ्यांत जड गेलं. आपण समजतो, वाढ म्हणजे भर पडणं. पीटर हटेनलोकर यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंमधले न्यूरॉनचे जोड मोजले. दृष्टीच्या भागात हे जोड बाळ साधारण आठ महिन्यांचं असताना सर्वांत दाट असतात, नंतर वर्षानुवर्षं कमी होत जातात. कपाळामागच्या भागात ही छाटणी फार उशिरा, पार किशोरवयापर्यंत चालते. आठ महिन्यांच्या बाळाच्या मेंदूत आपल्यापेक्षा जास्त जोड असतात, आणि कोणते ठेवायचे हे अजून ठरायचं असतं.

ही छाटणी कानावर कशी येते ते ऐका. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले दोन उच्चार ऐकवले, त आणि ट. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना यातला फरक आरामात कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र कळत नव्हता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बाळांनाही कळेनासा झाला. आपल्याला हसू येतं, त आणि ट सारखे कसे वाटतील! पण त्या घरात या फरकाने कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून मेंदूने तो बांध मोडला आणि दोन वावरांचं एक केलं. आपलीही बाळं आपल्याला न ऐकू येणारे कितीतरी फरक घेऊन जन्मतात आणि वर्षभरात सोडून देतात. भाषा येणं म्हणजे बाकीच्या भाषांना थोडं बहिरं होणं. मला हे एकाच वेळी हुशारीचं आणि दुःखाचं वाटतं.

चेहऱ्यांचंही तसंच. मेंदूत चेहरे ओळखण्याची खास जागा असते, आणि बाळाला चेहऱ्यांची ओढ इतक्या लवकर असते की ती जागा जन्मजात असणार असंच वाटतं. २०१७ साली मायकेल आर्कारो आणि मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या गटाने दाखवलं की ज्या माकडांच्या पिल्लांना जन्मापासून एकही चेहरा दिसू दिला नाही, त्यांच्या मेंदूत ती जागा तयारच झाली नाही. हातांची जागा मात्र झाली होती. पिल्लांना हात दिसत होते ना!

आता बहिणीचा प्रश्न. 'उशीर झाला का' या प्रश्नावर एक अख्खा बाजार उभा आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पहिली तीन वर्षं गेली की सगळं गेलं, म्हणून सहा महिन्यांच्या बाळापुढे चित्रांची कार्डं नाचवा, अमुक संगीत लावा, तमुक व्हिडिओ दाखवा. १९८७ साली विल्यम ग्रीनो आणि सहकाऱ्यांनी एक फरक सांगून ठेवला होता, तो या बाजारात कुणी सांगत नाही. काही गोष्टींची मेंदू वाट पाहत असतो. उजेड, रेघा, माणसांचे आवाज, स्पर्श. त्यांच्यासाठी ठराविक काळ दार उघडं असतं, पण त्या इतक्या साध्या असतात की धडधाकट डोळे-कान आणि बोलणारी चार माणसं असली तर आपोआप मिळतात. बाकीच्या गोष्टींची, म्हणजे वाचन, गणित, पेटी वाजवणं यांची मेंदू वाट पाहत नसतो. त्या आयुष्यात कधीही येतात आणि कधीही जागा करून घेतात. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली, एवढ्यात जनुकांत अक्षरांसाठी जागा राखली जाणं शक्य नाही. तरी वाचायला शिकलेल्या बहुतेक सगळ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला खाली, जवळपास त्याच ठिकाणी, अक्षरांची एक चकती तयार होते, मग लिपी कोणतीही असो. मोठेपणी साक्षर झालेल्यांमध्येही ती होते.

आणि पडीक म्हणाल तर मेंदूत काहीच राहत नाही. लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा त्यांचा दृष्टीचा कॉर्टेक्स जागा होतो, हे १९९६ साली दिसलं. तो नुसता जागा होतो की खरंच काम करतो, हे १९९७ साली तपासलं गेलं. बाहेरून चुंबकीय झटका देऊन तो भाग क्षणभर गोंधळवला, तर बोटांखालचे ठिपके वाचताना माणसं चुकायला लागली. उजेड आला नाही म्हणून बोटांनी ती जमीन कसली. जन्माच्या आसपास मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आलेली बाळं मोठेपणी व्यवस्थित बोलतात, भाषा उजव्या बाजूला जाऊन बसलेली असते, डावीकडे बसली असती बरोबर त्याच्या समोरच्या जागी. तोच झटका साठीत आला तर माणूस शब्दासाठी चाचपडतो.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं नाही. साडेचार म्हणजे उशीर नव्हे, एवढंच सांगितलं, कारण ते खरं होतं. मला अकराव्या वर्षी 'आता काही होणार नाही' असं सांगितलं गेलं, तेव्हा सगळेच डॉक्टर तसं मानत. पुढे २००५ साली मोठ्या तपासणीत दिसलं की सात ते बारा वर्षांच्या पुष्कळ मुलांची नजरही उपचारांनी सुधारते. दार खाडकन बंद होत नाही, हळूहळू जड होत जातं. म्हणजे माझंही तेव्हा थोडं ढकलून पाहता आलं असतं. हे वाचलं त्या दिवशी संध्याकाळभर मी कुणाशी फारसं बोलले नाही.

उपचार ऐकायला अगदी साधा. आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. जो सगळी जमीन बळकावून बसलाय त्याला रोज थोडा वेळ घरी बसवायचं आणि दुसऱ्याला नांगर धरायला लावायचं. पूर्वी दिवसभर पट्टी लावत. २००३ साली तुलना केली तेव्हा मध्यम तक्रार असलेल्या मुलांत रोजचे दोन तास आणि सहा तास यांत फरक निघाला नाही. भाचीला दोन तास सांगितलेत. दोन तास ऐकायला थोडे वाटतात. साडेचार वर्षांच्या मुलीचा बरा डोळा बंद करून तिला कमी दिसणाऱ्या डोळ्याने मणी ओवायला बसवून बघा. पहिल्या आठवड्यात तिने पट्टी काढून कुत्र्याला लावली, टेबलाला लावली, एकदा माझ्या चष्म्याला. चौथ्या महिन्यात तक्त्यावर दोन ओळी खाली उतरली. मोठे मणी गेले, बारीक आले.

परवा तिच्याकडे गेले होते. दोन तास संपले, तिने पट्टी सोलून काढली आणि डबीतून नवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आता मावशीची पाळी." माझा चष्मा काढला, उजव्या डोळ्यावर पट्टी दाबून बसवली, चारही कडा अंगठ्याने फिरवून घेतल्या. सरावाचा हात. मग कागदावर काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं.

"ओळख."

"ट," मी म्हणाले.

"बरोब्बर." कागद मागे घेतला. पेन्सिल बराच वेळ चालली. आता समोर एक अख्खी ओळ होती. कडेचं अक्षर ट असावं. त्यापुढे गर्दी, ढोसाढोस, कुणाचा तरी काना. मी मान जराशी वळवली, नाकाच्या बाजूने पट्टीची कड थोडी सुटलेली होती, तिथून.

"मावशी," ती कागद खाली घेत म्हणाली, "कडेतून बघायचं नाही. मला माहितीये तसं करतात."